नोंद तीच, नाव नवं

लग्नानंतर आडनाव बदललेली कर्मचारी अर्ज देते, ‘माझं लॉगिन नव्या नावानं करून द्या.’ एचआरला हे दोन मिनिटांचं काम वाटतं. पण ज्या विद्यापीठात किंवा कंपनीत लॉगिन, ईमेल, वायफाय, प्रिंटर सगळं एका एलडॅप डिरेक्टरीच्या भरवशावर चालतं, तिथला सिस्टिम अ‍ॅडमिन लगेच कीबोर्डला हात लावत नाही. या डिरेक्टरीत नाव हाच नोंदीचा पत्ता असतो. ‘यूआयडी=एसजोशी, ओयू=पीपल, डीसी=एक्झाम्पल, डीसी=कॉम’ अशी ती पूर्ण ओळ म्हणजे डीएन. तिचा अगदी पहिला तुकडा म्हणजे आरडीएन, आणि पुढचे तुकडे झाडाच्या एकेका फांदीवरून मुळापर्यंत नेतात. पहिला तुकडा बदलला की पत्ताच बदलला.

ते बदलण्यासाठी ओपनएलडॅपबरोबर एक छोटी कमांड येते, एलडॅपमॉडआरडीएन. शोधणं, भरणं, दुरुस्त करणं यांच्या कमांड रोज वापरात असतात. ही मात्र क्वचित बाहेर निघते, आणि निघते तेव्हा काम नाजूक असतं.

तिचं कूळ जुनं आहे. 1988 मध्ये एक्स.500 हे जागतिक डिरेक्टरीचं मानक आलं, पण ते फार जड होतं. साध्या संगणकांना पेलणारं नव्हतं. त्यावर मिशिगन विद्यापीठातल्या टिम हाउझ यांनी वेंगयिक यॉन्ग आणि स्टीव्ह किल यांच्यासह हलका पर्याय मांडला. 1993 चा आरएफसी 1487 हा त्याचा पहिला मसुदा, आणि तोच एलडॅप. मिशिगनच्या कोडवरून 1998 मध्ये कर्ट झाइलेंगा यांनी ओपनएलडॅप प्रकल्प सुरू केला. या कमांडच्या मॅन्युअल पानावरच्या उदाहरणात ‘मॉडिफाय मी’ नावाची नोंद ‘द न्यू मी’ होते.

नाव बदलायला स्वतंत्र कमांड कशाला, जुनी नोंद पुसून नवी भरली तर काय बिघडलं, असं नवशिके विचारतात. बरंच बिघडतं. प्रत्येक नोंदीला सर्व्हर स्वतः एक एन्ट्रीयूयूआयडी देतो. नाव बदललं तरी तो तोच राहतो, पुसून भरलं तर नवा मिळतो. एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्यावर नेणारी सिंकरेपलची यंत्रणा नोंदी ओळखते त्या याच क्रमांकावरून. शिवाय नोंद कधी आणि कोणी तयार केली, हेही पुसण्याबरोबर जातं. सातबाऱ्यावरचा फेरफार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमजेल: धारकाचं नाव बदलतं, जुन्या नावाला कंस होतो, गट नंबर जिथल्या तिथे असतो.

साध्या संपादनाच्या कमांडनं, म्हणजे एलडॅपमॉडिफायनं, यूआयडीची किंमत थेट बदलू पाहिली तर ओपनएलडॅप ‘नेमिंग व्हायोलेशन’ म्हणून 64 क्रमांकाची चूक तोंडावर मारतो. नोंदीच्या पत्त्यात जी किंमत आहे ती नोंदीच्या आतही असलीच पाहिजे, हा नियम. म्हणून दोन्ही एका झटक्यात बदलणारी क्रिया वेगळी ठेवली आहे.

कमांड देण्याची रीत सुटसुटीत आहे. जुना डीएन पूर्ण लिहायचा आणि त्यापुढे फक्त नवा आरडीएन. नोंदी पुष्कळ असतील तर फाइलमध्ये एका ओळीवर जुना डीएन, खालच्या ओळीवर नवा आरडीएन, मग एक रिकामी ओळ. सगळं सुरळीत पार पडलं तर कमांड काही बोलत नाही. तिला बोलतं करायला ‘उणे व्ही’ लावायचं. ‘उणे एन’ लावलं तर ती काय करणार ते दाखवते, करत नाही. पण त्या वेळी बदलाची विनंती सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे नवं नाव आधीच कुणी घेतलंय का, हे यातून कळत नाही. ते आधी शोधून पाहावं, नाहीतर 68, म्हणजे ‘अशी नोंद आहे’, हे उत्तर येतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ‘उणे आर’. तो दिला नाही तर जुनी किंमत नोंदीत राहते. पत्ता नवा होतो, पण यूआयडीच्या रकान्यात ‘एसजोशी’ आणि नवं नाव अशा दोन्ही किमती दिसतात. ‘उणे आर’ दिला की जुनी किंमत जाते. जुन्या नावानं पत्रव्यवहार करणाऱ्यांना ती व्यक्ती सापडत राहावी, असं तिला स्वतःला वाटत असेल, तर सीएनच्या, म्हणजे पूर्ण नावाच्या, रकान्यात माहेरचं नाव राहू देणं सोयीचं आहे. पण घटस्फोटानंतर नाव बदलणारी स्त्री, किंवा लिंगओळख बदलल्यावर नवं नाव घेणारी व्यक्ती यांच्यासाठी तेच जुनं नाव प्रत्येक शोधात डोकं वर काढत राहिलं, तर तो त्रास खरा असतो. त्याला कारण असतं एक गाळलेलं अक्षर. म्हणून अ‍ॅडमिननं अर्जदाराला विचारायलाच हवं: जुनं नाव ठेवायचं की काढायचं? तांत्रिक बाजूही आहेच. लॉगिनची जुनी किंमत राहिली तर काही प्रणाल्यांत दोन्ही नावांनी आत येता येतं. आणि डीसीसारख्या रकान्यात एकच किंमत चालते. तिथे ‘उणे आर’ शिवाय नाव बदलूच शकत नाही.

दुसरा पर्याय ‘उणे एस’. त्यानं नोंद एका शाखेतून उचलून दुसऱ्या शाखेखाली ठेवता येते; आरडीएन तोच असला तरी लिहावा लागतो. 1997 मध्ये आलेल्या एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीनं ही मुभा दिली, दुसरीत ती नव्हती. मात्र खाली नोंदी असलेली अख्खी शाखा हलवायची तर गोष्ट पोटातल्या साठवणीवर येते. जुना बीडीबी बॅकएंड प्रत्येक नोंदीपाशी पूर्ण डीएन धरून असे, त्यामुळे भरलेली शाखा त्याला हलवता येत नसे. हॉवर्ड चू यांच्या एलएमडीबीवर उभा असलेला एमडीबी बॅकएंड नोंदीपाशी फक्त तिचा तुकडा आणि पालकाचा क्रमांक ठेवतो. पूर्ण पत्ता वाचताना जुळवतो. एक धागा सोडवून दुसरीकडे बांधला की खालच्या हजारो नोंदी आपोआप नव्या पत्त्यावर दिसतात, आणि शाखा केवढीही असो, वेळ तेवढाच लागतो. ओपनएलडॅपच्या 2021 च्या 2.5 आवृत्तीत बीडीबी काढूनच टाकला, ते योग्यच झालं.

परवानगीचं गणितही बारीक आहे. नोंदीवर लिहिण्याचा हक्क पुरत नाही. जुन्या पालकाखालून काढण्याचा, नव्या पालकाखाली घालण्याचा, नव्या नावातला रकाना भरण्याचा, आणि ‘उणे आर’ असेल तर जुना काढण्याचा, असे हक्क वेगवेगळे तपासले जातात. हेल्पडेस्कला ‘एडिटचे राइट्स’ देऊनही नाव का बदलत नाही, याचं उत्तर बहुधा इथंच असतं.

देवनागरी नावांनाही इथे जागा आहे. तिसऱ्या आवृत्तीत मजकूर यूटीएफ-8 मध्ये असतो, त्यामुळे सीएनमध्ये थेट ‘सुनंदा’ लिहिता येतं. शोध घेतल्यावर पडद्यावर मात्र सीएनपुढे दोन अपूर्णविरामचिन्हं आणि बेस64 ची न कळणारी अक्षरं येतात. ते पाहून नाव खराब झालं, असं समजायचं कारण नाही. नोंदी मजकुरात उतरवण्याची ती ठरलेली पद्धत आहे.

कमांड जे करत नाही, त्याची यादी अ‍ॅडमिनच्या हाती असावी. ग्रुपच्या ‘मेंबर’ रकान्यात जुना डीएन तसाच पडून राहतो; व्यक्तीचं नाव बदलतं आणि ती अचानक सगळ्या ग्रुपांबाहेर जाते. ‘रेफइंट’ नावाचं ओव्हरले चालू असेल आणि त्यात ‘मेंबर’ नोंदवलेलं असेल तर हे संदर्भ आपोआप दुरुस्त होतात. ‘मेंबरयूआयडी’ वापरणाऱ्या ग्रुपांत नुसतं लॉगिन लिहिलेलं असतं; तिथे डीएनच नसल्यानं ते हातानंच बदलावं लागतं. होम फोल्डर आणि ईमेलचे रकाने जुनेच राहतात. फायलींची मालकी मात्र सुरक्षित असते, कारण लिनक्स ती यूआयडीनंबर या आकड्यावरून ठरवतं, नावावरून नाही.

हे सगळं पाहिलं की, माझ्या मते, आरडीएनमध्ये माणसाचं नाव ठेवूच नये. कर्मचारी क्रमांक ठेवावा आणि नाव साध्या रकान्यात ठेवावं, म्हणजे ते कितीही वेळा बदललं तरी पत्ता हलत नाही. पण जुन्या डिरेक्टऱ्यांत नावं घट्ट बसलेली आहेत आणि त्या इतक्यात बदलणार नाहीत. तिथे ही कमांड चालवल्यावर जुना डीएन ‘मेंबर’, ‘मॅनेजर’, ‘ओनर’ या रकान्यांत एकदा शोधावा. उत्तर शून्य येईपर्यंत तो अर्ज उघडाच ठेवावा.