पिलू अंड्याबाहेर येताना

खेड्यापाड्यांतील अनेक कुटुंबांना परसातील कोंबड्यांमुळे मीठमिरचीच्या खर्चाला हातभार लागतो. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली की साधारणतः २१ दिवसांनी पिले बाहेर येतात. परंतु कवचाला तडा गेलेला दिसताच घरातील कोणीतरी कणवेपोटी ते सोलू लागते आणि जिवंत पिलू हातचे जाते.

असे का घडते? अखेरच्या दोन-तीन दिवसांत पिलू अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालून फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. नंतर ते चोचीने कवच फोडते. पहिला टवका उडाल्यापासून बाहेर येण्यास बारा ते चोवीस तास लागू शकतात. बाहेरून पिलू थकलेले वाटले, तरी याच अवधीत उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो आणि आतील पापुद्र्यातील रक्त शरीरात परतते. पापुद्रा अवेळी फाटल्यास रक्तस्राव होऊन पिलू दगावते.

म्हणून या काळात कोंबडीस वारंवार उठवू नये. चोवीस तास उलटूनही पिलू अडून राहिले, तरच कोमट पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ कापसाने कोरडा पापुद्रा ओलसर करावा व रुंद टोकाकडील कवचाचे लहान तुकडे अलगद काढावेत. रक्ताचा ठिपका दिसताच हात थांबवावा.

बाहेर आलेले पिलू पोटातील बलकावर पहिला दिवस सहज काढते. त्यामुळे दाणापाण्याचीही घाई नको. त्याला प्रथम हवी असते ती ऊब. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही साधी माहिती घरोघरी पोचविल्यास अनेक पिले वाचतील.