रोहिणी ते गोदावरी : पाण्याचा समन्यायी वाटा

शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा युद्धाने नव्हे, विचारविनिमयाने मिटवावा, ही सिद्धार्थ गौतमांची भूमिका बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात विशद केली आहे. तोच प्रश्न आज गोदावरीच्या खोऱ्यात उभा आहे. नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांवर द्राक्षबागा, ऊस व शहरे अवलंबून; खाली पैठणच्या जायकवाडीवर मराठवाड्याची शेती, उद्योग आणि छत्रपती संभाजीनगरची तहान. वरचे धरण आधी भरते. परंतु आधी अडवले म्हणून पाण्यावर मालकी येत नाही. तुटीच्या वर्षी खोऱ्यातील टंचाई सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावी, हे तत्त्व राज्याच्या 2005 च्या कायद्याने स्वीकारले. त्यानुसार 2014 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने निकष घातला : खरिपातील वापर धरून 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी भरल्यास वरून पाणी सोडावे. विलंब झाला की कोरडे पात्रच बरेचसे पाणी पिऊन टाकते. म्हणून निर्णय वेळेवर हवा. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 साली पाण्यावरील समान हक्क प्रस्थापित करण्यात आला. धरणांच्या वाटपातही कसोटी तीच असली पाहिजे.