हंस, कावळा आणि एकट्याची होडी

टोकियो पॅरालिंपिकमध्ये 2021 साली ‘वा’ हा होड्यांचा प्रकार पहिल्यांदा आला आणि ग्वाल्हेरच्या प्राची यादव 200 मीटरच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठून आठव्या आल्या. एका अंगाला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा तरता ओंडका असलेली, एकट्याने वल्हवायची ही मूळची पॉलिनेशियन होडी. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उलांडीची होडी मासेमारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या आहेच. इथे प्रश्न खेळाच्या होडीचा आहे. तलावात चालेल आणि समुद्रातही चालेल अशी एकच घ्यायची, तर कोणती? जाहिराती सांगतात, सर्वांत वेगवान असेल ती. पण वेगवान म्हणजे कुठल्या पाण्यात आणि कुठल्या वेगाला, हे त्यात नसतं.

हा प्रश्न अभियंता विल्यम फ्राउडने 1867 मध्येच निकालात काढला होता. त्या काळी जहाजबांधणीतज्ज्ञ जॉन स्कॉट रसेलच्या सिद्धांताचा दबदबा होता: नाळ, म्हणजे पुढचं टोक, टोकदार आणि निमुळती असली की पाण्याचा विरोध कमीत कमी. फ्राउडने इंग्लंडमधल्या डार्ट नदीत दोन नमुने वाफेच्या लाँचने ओढून पाहिले. टोकदार नमुन्याचं नाव ‘रेव्हन’, म्हणजे कावळा. गोलसर टोकांच्या नमुन्याचं ‘स्वान’, म्हणजे हंस. कमी वेगात कावळा सरस ठरला, वेग वाढवला तसा हंस. (कर्णपर्वात शल्य कर्णाला ऐकवतो त्या गोष्टीतही नाना तऱ्हांनी उडणाऱ्या कावळ्याचा दम समुद्रावर संपतो आणि हंसच त्याला पाठीवर घेऊन परत आणतो. फ्राउडने ती वाचली असण्याची शक्यता अर्थातच शून्य.) कुठल्याही एका आकाराला सगळ्या वेगांत पहिला नंबर मिळत नाही, हा त्याचा निष्कर्ष जहाजबांधणीने उचलला, होड्यांच्या जाहिरातींनी अजून उचललेला नाही.

चांगला वल्हवणारा सपाट पाण्यावर ताशी 10 किलोमीटरच्या आसपास जातो. इतक्या अरुंद होडीला या वेगात मुख्य विरोध होतो तो पाण्याच्या घर्षणाचा. लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे विरोध 3 टक्के जास्त असला तरी वेग घटतो जेमतेम 1 टक्का. तासाभरात 36 सेकंद. समुद्रात हिशेबच बदलतो. दर 3 सेकंदांनी येणारी लाट सुमारे 14 मीटर लांबीची असते आणि ताशी 17 किलोमीटरने पळते. तिच्यावर स्वार व्हायचं तर झटकन वेग घ्यायला हवा आणि होडी लाटेच्या उतारावर मावायला हवी. माथ्यापासून खळग्यापर्यंतचं अंतर 7 मीटर, म्हणजे बिनसुकाणूच्या ताहिती पद्धतीच्या होडीच्या लांबीएवढंच. सरळ तळाची लांब होडी तिथे खळग्यात नाक खुपसते. हवाईच्या होड्या साधारण साडेसहा मीटरच्या आत, वरच्या बाजूला वळलेल्या नाळेच्या आणि पायाने फिरवायच्या सुकाणूच्या झाल्या, त्या मोलोकाई आणि ओआहू या बेटांमधल्या सामुद्रधुनीसारख्या खवळत्या पाण्यासाठी.

शर्यत 1 टक्क्याने हरली-जिंकली जाते, हा आक्षेप खरा आहे. तलावात 200 मीटरची शर्यत हेच ध्येय असेल, तर ताहिती पद्धतीचीच होडी घ्यावी. तिथे नियमच सुकाणू नको म्हणतात. पण दोन्ही पाण्यांत जाणाऱ्याचे सपाट पाण्यावर काही सेकंद जातात, तर समुद्रात होडी एकदा उलटली की मिनिटं जातात. उलटते ती बहुधा उलांडीच्या विरुद्ध बाजूला, कारण त्या बाजूला झुकताना सावरायला उलांडीचं स्वतःचं थोडंसं वजनच असतं. ते पुरत नसेल, तर आडव्या दांड्यांवर उलांडी थोडी बाहेर सरकवता येते का, हे आधी पाहावं.

राहिला कार्बन फायबरचा गाजावाजा. वल्हवणाऱ्यासकट नव्वदेक किलोच्या वजनातून 4 किलो कमी झाले, तरी सपाट पाण्यावरच्या वेगात 1 टक्काही फरक पडत नाही. होडी खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत नेताना आणि लाट पकडताना ती हलकी बरी, एवढंच. त्याहून मोठा फरक पडतो तो होडी तुमच्या वजनाला बेतलेली आहे की नाही याने. जास्त खोल बसली, तर तिचा कागदावरचा आकार पाण्यात उरत नाही. म्हणून सुकाणूची, वळलेल्या नाळेची, मध्यम लांबीची होडी घ्यावी. आणि विक्रेत्याने तुमचं वजन न विचारताच एखादी सुचवली, तर दुसरं दुकान बघावं.