चोरी आणि काळे पाणी

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद होती. पुन्हा दोषी ठरल्यास मात्र कलम ७५ नुसार जन्माचे काळे पाणीही होऊ शके. ही शिक्षा निर्दयच होती. काळ्या पाण्यावर पाठवलेल्या स्त्रियांना अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरच्या साउथ पॉइंट तुरुंगात ठेवत. तिथे त्या कैद्यांसाठी कापड विणत. वसाहतीतल्या कैद्यांच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे: क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख. काही वर्षांनी या स्त्रियांना सरकारी परवानगीने स्वावलंबी कैद्याशी लग्न करता येई. अशा जोडप्यांच्या वंशजांना अंदमानात ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. १९५५ च्या कायद्याने काळ्या पाण्याची शिक्षा रद्द झाली.