गॅरेजमधले काळे तेल

मोटार गॅरेजात देऊन आपण समोरच्या हॉटेलात चहाला जातो. परत येतो तो गाडी तयार असते आणि इंजिनात मधाच्या रंगाचे नवे तेल घातलेले असते. आधीचे काळे तेल कोठे गेले, हा प्रश्न आम्हीही पुष्कळ वर्षे कोणाला विचारला नव्हता.

लहान मोटारीतून एका वेळी तीन-साडेतीन लिटर तेल निघते. दिवसाला ४ मोटारी धरल्या तर १४ लिटर. म्हणजे २०० लिटरचे पिंप पंधरवड्यात भरते. ह्यातले काही सेंट्रिंगच्या फळ्यांना लागते, काही वाळवी लागू नये म्हणून लाकडांना फासतात, काही भट्टीत जळते. आणि काही, खोटे कशाला बोलावे, पहिल्या पावसाबरोबर गटारात जाते. धातूंचे झिजलेले कण, काजळी आणि इंधनाचे अंश त्यात असतात. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांत ह्या तेलाची गणना घातक कचऱ्यात केली आहे, ती उगीच नव्हे.

गंमत अशी की, तेल मुळात झिजत नाही. ते मळते, आणि त्यात घातलेली रसायने संपतात. त्यातले पाणी उडवून, निर्वातात ऊर्ध्वपातन करून, त्यापासून पुन्हा वंगण करता येते. अट एकच: त्यात दुसरे काही मिसळता कामा नये. परंतु गॅरेजात बहुधा एकच पिंप असते, आणि थिनर, ब्रेक-ऑइल, रेडिएटरचे हिरवे पाणी, सारे त्यातच ओततात. क्लोरिनयुक्त द्रावक थोडेसे पडले, तरी सगळ्या पिंपाची किंमत जाते. काल जो माल होता तो आज विष होतो, आणि त्याला गटाराचीच वाट उरते. चार झाकणांचे डबे आणि त्यांवर ठळक नावे, एवढाच ह्यावरचा खर्च आहे.

जुना फिल्टर काढल्याबरोबर फेकू नये. गरम असतानाच त्याला भोक पाडून रात्रभर उपडा ठेवला, तर आत अडकलेले तेलही डब्यात येते.

सुटे भाग धुण्याची रीत मात्र आमच्या मते सर्वांत आधी बदलली पाहिजे. गॅरेजातला पोऱ्या उघड्या हातांनी पेट्रोलमध्ये भाग धुतो. पेट्रोलमध्ये बेंझिन असते. ते श्वासावाटे शरीरात जाते, कातडीतूनही जाते, आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. घासायला साबणी पाणी चालत असेल तेथे तेच वापरावे. रॉकेल लागलेच, तर पहिली धुणी जुन्या रॉकेलात आणि शेवटची नव्यात करावी. जुने निवू दिले की वरचे पुन्हा कामास येते. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो नजरेला ओळखू येत नाही.

बॅटरीची कथा उलट आहे. तिच्यात शिसे निम्म्याहून अधिक, म्हणून जुनी बॅटरी कोणी टाकून देत नाही. भाव मिळतो. धोका एवढाच की, वजन कमी करायला आम्ल गटारात ओततात, आणि त्याबरोबर शिसेही जाते.

एका मिस्त्रींनी आम्हांला अडवले. म्हणाले, "साहेब, माझे मोटारसायकलींचे काम. डबा भरायलाच महिना लागतो, तेवढ्यासाठी टँकर कोण पाठवणार?" हरकत रास्त आहे. १ एप्रिल २०२४ पासून वंगणतेलाच्या उत्पादकांवर वापरलेल्या तेलाच्या पुनश्चक्रणाची जबाबदारी आली असली, तरी अधिकृत शुद्धीकरणवाल्याला पिंपे लागतात, डबे नव्हेत. आम्ही त्यांना सुचवले की, गल्लीतल्या दहा गॅरेजांनी मिळून एक पिंप ठेवावे: छपराखाली, कडेच्या फरशीवर, झाकणाला कुलूप. पावसाचे पाणी शिरले तर भाव पडतो. किल्ली कोणाकडे राहावी, ह्यावरच त्यांची मग बराच वेळ चर्चा चालली.