एक्सरेची फिल्म उचलणारे रबरी कप

कॅसेटमधून एक्सरेची फिल्म बाहेर काढायला काही सेकंद पुरतात. चांगला निघालेला फोटो बिघडायलाही तेवढेच पुरतात. नखाचा दाब पडला, की धुतलेल्या फिल्मवर चंद्रकोरीच्या आकाराचा डाग दिसतो. कोरड्या हवेत फिल्म झटक्यात ओढली, की स्थिर विजेची ठिणगी पडते आणि ऐन फुप्फुसावर झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी उमटते. घामेजलेलं बोट लागलं तर ठसा राहतो. यातला एकही डाग आजाराचा नसतो, पण फोटो वाचणारा डॉक्टर घोटाळ्यात पडू शकतो. मग रुग्णाला सांगावं लागतं, ‘फोटो पुन्हा काढावा लागेल.’

नंदुरबार जिल्ह्यात हे वाक्य फार महाग पडतं. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यात जवळपास ६९ टक्के आदिवासी. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतले पाडे सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेले आहेत. नर्मदेच्या बुडिताकाठच्या काही गावांतून बोटीने निघावं लागतं. जिथे गाडी पोचत नाही, तिथून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात. एवढं करून पोचलेल्या माणसाची आणि सोबत आलेल्याची त्या दिवशीची मजुरीही बुडालेली असते. क्षयाच्या निदानात छातीचा फोटो महत्त्वाचा असतो. या भागात आढळणाऱ्या सिकलसेलच्या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते खचतं, तेव्हाही एक्सरे लागतो. असा फोटो बोटाच्या डागामुळे वाया जाणं ही लहान गोष्ट म्हणता येणार नाही.

फिल्म मुळात बोटांना का दाद देत नाही, हे कॅसेटची रचना पाहिली की कळतं. कॅसेट म्हणजे प्रकाश आत न शिरणारी चपटी पेटी. तिच्या झाकणाला आणि तळाला आतून एकेक ‘स्क्रीन’ चिकटवलेली असते. क्ष-किरण पडले की स्क्रीन उजळते आणि फिल्मवर चित्र उमटतं ते मुख्यतः त्या उजेडाने. म्हणूनच कमी किरणांत काम भागतं. एडिसनने १८९६मध्येच यासाठी कॅल्शियम टंगस्टेट उपयोगी असल्याचं दाखवलं होतं. १९७०च्या दशकात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या स्क्रीन आल्या आणि रुग्णाला लागणारी किरणांची मात्रा आणखी उतरली. पण अट एकच असते. फिल्म आणि स्क्रीन एकमेकींना अगदी घट्ट भिडलेल्या हव्यात. मध्ये फट राहिली तर चित्र धूसर होतं. ज्या घट्टपणामुळे फोटो रेखीव येतो, त्याच घट्टपणामुळे फिल्म सुटत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत तर ती ओल्या फरशीवर पडलेल्या प्लॅस्टिकच्या कागदासारखी बसते.

इथलं गणित मोठं मजेचं आहे. छातीच्या फोटोची १४ बाय १७ इंची फिल्म सुमारे १५०० चौरस सेंटिमीटरची. तिचं वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. हवेचा दाब मात्र दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. फिल्मखाली हवा अजिबातच नसती, तर तिला सरळ वर उचलायला दीड टन जोर लागला असता! प्रत्यक्षात खाली थोडी हवा असतेच. पण दाबातला फरक शंभरातला एक भाग जरी उरला, तरी पंधरा किलोंचा जोर लागतो. म्हणून फिल्म सरळ उचलायची नसते. आधी एक कड वाकवायची, खाली हवा शिरू द्यायची, मग बाकीची आपोआप सुटते. मुरलेला तंत्रज्ञ डार्करूमच्या लाल उजेडात हेच करत असे: कॅसेट किंचित झटकून कोपरा मोकळा करायचा, फिल्म कडेलाच धरायची आणि हँगरला लावायची.

डार्करूमशिवाय, उजेडातच वापरता येणाऱ्या ‘डेलाइट’ यंत्रांनी हे कसब रबरी कपांना शिकवलं. कॅसेट खाचेत सरकवली की यंत्र आपल्या पोटातल्या अंधारात तिची कडी उघडतं. एका दांडीवरचे सक्शन कप फिल्मच्या कडेवर टेकतात. पंप कपातली हवा ओढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब फिल्मला कपाशी धरून ठेवतो. दोन सेंटिमीटर व्यासाच्या कपात दाब एक-पंचमांशाने जरी उतरला, तरी सुमारे सहाशे ग्रॅमची पकड मिळते. चाळीस ग्रॅमच्या फिल्मला ती भरपूर झाली. दांडी आधी कड वाकवते, मग फिल्म धुणाऱ्या रोलरच्या तोंडी देते. तिथे झडप उघडून कपात हवा सोडतात आणि पकड सुटते.

पंपाशिवायही हे जमतं. कप फिल्मवर दाबला की आतली हवा निघून जाते. मग स्प्रिंग किंवा दट्ट्या कपातली पोकळी वाढवतो, तसा आतला दाब उतरतो. सोडायच्या वेळी एक बारीक भोक उघडायचं. नळ्या नाहीत, मोटर नाही, पंपाचा आवाज नाही. ही मांडणी जास्त सुंदर आहे. मात्र कपाची कड धुळीने भरली किंवा रबर कडक झालं, तर हवा आत शिरते. सतत ओढणारा पंप थोडी गळती पचवतो; बिनपंपाच्या कपाला ते जमत नाही.

कपांची गरज पडली ती यंत्रांचा वेग वाढल्यामुळे. राँटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले, त्यानंतर बरीच वर्षं फोटो काचेवर निघत. पुढे ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म आली. १९२९मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अशा साठवलेल्या फिल्मनी पेट घेतला आणि १२३ माणसं दगावली. त्यानंतर सुरक्षित फिल्मकडे सगळे वळले. कोडॅकच्या १९५६च्या रोलर यंत्राने फिल्म धुण्याचा तासाभराचा खटाटोप सहा मिनिटांवर आणला. १९६५पर्यंत तो ९० सेकंदांवर आला. फिल्म दीड मिनिटात धुऊन निघू लागल्यावर अंधारात कॅसेट उघडत बसणारा माणूस हाच सगळ्यात मोठा खोळंबा ठरला.

पुढे सीआर (कम्प्युटेड रेडिओग्राफी) आलं आणि फिल्मच्या जागी पुन्हा पुन्हा वापरता येणारी फॉस्फरची प्लेट बसली. कप मात्र गेले नाहीत. फुजीच्या अनेक सीआर रीडरमध्ये, म्हणजे प्लेटवरचं चित्र वाचणाऱ्या यंत्रांमध्ये, ती प्लेट कॅसेटमधून रबरी सक्शन कपच उचलतात. थेट संगणकावर चित्र देणाऱ्या डीआरमध्ये कॅसेट उघडण्याचा प्रश्नच उरला नाही. आता साडेतीन किलोंच्या आसपास वजनाची हाती धरायची एक्सरे यंत्रंही आहेत. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी शंभर दिवसांच्या क्षय मोहिमेत अशी यंत्रं वापरली गेली. सातपुड्यातल्या पाड्यांसाठी याहून योग्य साधन नाही: माणसाला यंत्राकडे आणण्यापेक्षा यंत्र माणसाकडे नेणं कधीही बरं.

तरी लहान दवाखान्यांत सीआर रीडर अजून काही वर्षं चालतील आणि तिथे लाखोंच्या यंत्राची मदार काही रुपड्यांच्या रबरावर राहील. नंदुरबारचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. त्या उष्णतेत रबर लवकर म्हातारं होतं, आणि धूळ तर कायमचीच. प्लेट अडकल्याचा संदेश आला की अनेकदा दोष कपाच्या कडेत असतो. म्हणून ग्रामीण भागासाठी यंत्रं खरेदी करणाऱ्यांना एकच विनंती आहे. देखभालीच्या करारात सक्शन कप ठरावीक मुदतीने बदलण्याचं कलम लिहून घ्या, सुटे कप दवाखान्याच्या कपाटात ठेवा आणि ते साफ कसे करायचे हे तिथल्या तंत्रज्ञाला शिकवा.