फळ्यांचा मंच, गावाचीच गाणी

1932 साली स्पेनमधल्या खेड्यांत रविवारी किंवा सणासुदीला विद्यापीठाची मुलेमुली येऊ लागली. चौकात ती स्वतःच फळ्या जोडून मंच उभा करत. मग समूहगान, काव्यवाचन आणि सर्वांतेसचे किंवा लोपे दे रुएदाचे एखादे छोटे प्रहसन होई. तिकीट नसे, मुलांना मानधनही नसे.

14 एप्रिल 1931 ला स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले आणि मेअखेरीस सरकारने ‘मिसिओनेस पेदागोहिकास’, म्हणजे शिक्षणमोहिमांचे मंडळ नेमले. अध्यक्ष मानुएल बार्तोलोमे कोसिओ तेव्हा 74 वर्षांचे होते. मंडळावर कवी आंतोनिओ माचादोही होते. डिसेंबरात सेगोविया प्रांतातल्या आय्योन गावी पहिली मोहीम गेली. मोहिमांबरोबर ग्रामोफोन, चित्रपट आणि प्रादो संग्रहालयातल्या चित्रांच्या प्रतिकृती गावोगाव फिरल्या. पाच हजारांहून अधिक छोटी ग्रंथालये दिली गेली. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती चौकातली संध्याकाळ. कारण तिथे गाइले जाणारे पुष्कळसे मूळचे खेड्यांचेच होते.

यामागे एक गोष्ट आहे. 1900 साली रामोन मेनेंदेस पिदाल आणि मारिया गोयरी हे नवविवाहित अभ्यासक जोडपे कास्तीलमध्ये फिरत होते. एल बुर्गो दे ओस्मा इथे एक धोबीण त्यांना जुने कथागीत म्हणून दाखवत होती. ऐकता ऐकता गोयरींना उमगले, की हे तर राजपुत्र हुआनच्या मृत्यूचे गीत! तो मृत्यू 1497 मधला. चारशे वर्षे ते गीत कष्टकऱ्यांच्या ओठांवर टिकले होते. आपल्या पोवाड्यासारखी घडलेली घटना गाऊन सांगणाऱ्या या गीतांना स्पॅनिशमध्ये ‘रोमान्से’ म्हणतात. पुढे हे दांपत्य आयुष्यभर ती गोळा करत राहिले.

मोहिमांच्या गायकवृंदाचे प्रमुख एदुआर्दो मार्तिनेस तोर्नेर हे याच मुशीतले. आस्तुरियासमध्ये हिंडून जमवलेल्या 500 लोकगीतांच्या चाली त्यांनी 1920 मध्ये छापल्या होत्या. वह्यांत उतरलेले ते धन आता ते पुन्हा खेड्यांच्या चौकांत नेत होते. म्हणून याला मी शहराने खेड्यावर केलेला उपकार मानत नाही. ती परतफेड होती, आणि तीही उशिराच झालेली.

नाटकाची धुरा आलेहांद्रो कासोना या शिक्षणाधिकारी नाटककाराकडे होती. 1934 मध्ये सामोरा प्रांतातल्या सानाब्रिया भागात, सान मार्तीन दे कास्तान्येदा या गावी गेल्यावर मात्र त्यांना मोठा हादरा बसला. समोर भुकेली, आजारी मुले होती. त्यांना हवी होती भाकरी आणि औषध, आणि यांच्याजवळ होत्या कविता आणि गाणी. ही बोच कासोनांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच वर्षी तिथे वेगळी मोहीम गेली. तिने आरोग्याची आणि शेतीची कामे केली, मुलांच्या जेवणाची सोय केली. आणि गाणीही सोडली नाहीत. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. भुकेल्या माणसाला गाणे नको असते, हे पोट भरलेल्यांनीच परस्पर ठरवलेले असते.

सरकार आधीच बदलले होते, पुढे अनुदानही कापले गेले. 1935 मध्ये कोसिओ वारले. 1936 च्या जुलैत यादवी युद्ध पेटले आणि सगळेच विस्कटले. कासोना अर्जेंटिनात गेले. स्पेनला परतायला त्यांना 1962 साल उजाडले. तोर्नेर लंडनमध्ये परागंदा अवस्थेतच गेले.

उरली ती छायाचित्रे. त्यांतल्या अनेकांत मंच दिसतच नाही. कॅमेरा प्रेक्षकांकडे वळलेला आहे: काळ्या ओढण्यांतल्या म्हाताऱ्या, तोंडाचा आ करून पाहणारी पोरे, टोप्या घातलेले शेतकरी. ही चित्रे टिपणाऱ्यांत होसे बाल देल ओमार होते, आणि त्यांच्या बरोबरीने गोन्सालो मेनेंदेस पिदाल नावाचा विशीतला तरुण होता. त्या धोबिणीचे गाणे ओळखणाऱ्या मारिया गोयरींचा मुलगा.